गाठीबाईंच्या तीनशे नळ्या

संशोधन केंद्रात त्यांना सगळे गाठीबाई म्हणत. वाटाण्याच्या मुळांवरच्या गाठी धुवायच्या, चिरडायच्या, काचेच्या बशीत पसरायच्या आणि उगवलेले जिवाणू नळीत जपायचे, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. हे जिवाणू हवेतला नत्र पिकाला खाऊ घालतात. श्रेय साहेब खातात.

साहेब म्हणजे विद्वत्तेचा कळस. वाटाण्याला एकच जिवाणू लागतो, असा शोध त्यांनी लावला होता. दुसरा दिसणार तरी कसा? तिसऱ्या दिवशी बशा फेकायच्या, हा नियमही त्यांचाच! रेंगाळणारे जिवाणू सातव्या दिवशी तोंड दाखवतात, हे बाईंना ठाऊक होतं, कारण त्या बशा फेकत नसत. कुणाचा ठिपका मोहरीएवढा, कुणाचा दुधाळ, कुणाचा शेंबडासारखा चिकट. गावोगावच्या शेतांतले असे तीनशे प्रकार त्यांच्या फ्रिजमध्ये होते.

"लोकांच्या सासवा दागिने जपतात, आई. तुम्ही जंतू!" सून म्हणायची.

तपासणी समिती येणार म्हटल्यावर साहेबांना स्वच्छतेचा झटका आला.

"बाई, फ्रिज रिकामा करा. एका जिवाणूला तीनशे नळ्या कशाला?"

"साहेब, ते सगळे वेगळे आहेत हो."

"आता तुम्ही मला शास्त्र शिकवणार?"

बाईंनी लेखी आदेश मागितला. साहेबांनी ऐटीत सही ठोकली. बाईंनी सगळ्या नळ्या वाफेच्या भांड्यात घातल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. त्यांना स्वतःच्याच हातांचा राग येत होता.

दुसऱ्या दिवशी समिती शेतात आली. साहेबांच्या एकमेव जिवाणूवर पोसलेला वाटाणा पिवळा पडला होता. कडेची एकच ओळ हिरवीगार. समितीच्या अध्यक्षबाईंनी त्यातलं रोप उपटून गाठ नखानं फोडली. आत छान गुलाबी होती, म्हणजे जिवाणू जोमात कामाला लागलेला.

"वा! हा जिवाणू कुठला?"

"आमचंच संशोधन," म्हणत साहेब गाठीबाईंच्या कानाशी लागले. "काय घातलं होतं हिला?"

"पेरताना तुमच्या जिवाणूची पुडी संपली, म्हणून माझ्या नळीतलं बियाण्याला चोळलं."

"मग आणा ना ती नळी!"

"काल उकळली. तुमच्या सहीनं."

अध्यक्षबाईंनी हे ऐकलं. त्या म्हणाल्या, "अहो, मुळांत जिवंत आहे की. पुन्हा काढता येईल."

"हा काढीन," गाठीबाई रोप ओल्या फडक्यात गुंडाळत म्हणाल्या. "बाकीचे ज्या शेतांतले होते, तिथं आता इमारती आहेत."