दुसरी भाकरी मी खाणारच

मंडळी, आज दुपारी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर माझ्या ताटातली भाकरी उचलली गेली, तीही मित्राकडून.

वजन उतरवायला मी महिनाभर एकभुक्त राहिलो आणि परवा चक्कर येऊन पडलो. डॉक्टरांनी बजावलं, दुपारी दोन भाकरी आणि उसळ खाऊनच वजन उतरवायचं. पण भूकच मेलीय. दुसरी भाकरी डोंगराएवढी दिसते.

ढाबेवाले शेखभाई एरवी नको म्हटलं तरी तिसरी वाढतात. आज दुसरीच उचलत म्हणाले, "गुरुजी, ढेरी उतरवायची हाय ना? मग कावून खाता?"

मी भाकरी परत घेतली. "शेखभाई, उपाशी राहून ढेरी जाग्यावरच राहिली, मी मात्र आडवा झालो."

अर्धा तास लागला, पण संपवली. उद्याही खाणार, सगळ्यांसमोर.

तुमच्या ताटावरचा हक्क तुम्ही कोणाला देऊन बसलात?