सहा वर्षांचं दूध

मी सहा वर्षांची होईपर्यंत आईचं दूध पीत होते. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं मला एका दमात सांगायचंय, मध्ये थांबले तर राहून जाईल.

पाचोऱ्याजवळ आमचं गाव, घरची कापसाची शेती. स्वातंत्र्य आलं तेव्हा मी चार वर्षांची. माझ्याआधी आईची पाच बाळंतपणं झालेली, त्यातली तीन भावंडं जगली. माझ्या वेळी तिचं रक्त इतकं गेलं की सुईण म्हणाली, पुन्हा दिवस राहिले तर मला बोलवू नका, माझ्या हातून बाई जायला नको. आई बैलगाडीतून, सरकीच्या पोत्यांवर बसून, पाचोऱ्याच्या नर्सबाईकडे गेली. नर्सबाईंनी सांगितलं, नवऱ्याला घेऊन या. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, स्वभावानं इतके गरीब की बैलालाही मारत नाहीत. पण असल्या गोष्टीसाठी परक्या बाईसमोर बसायचं म्हटल्यावर आठवडाभर जेवायलाही घरी आले नाहीत, भाकरी शेतात मागवली.

मग आईकडे राहिलं काय? दूध. गावातल्या बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या, बायका सांगायच्या, पोर अंगावर पितंय तोवर दिवस जात नाहीत.

शाळेत जायला लागले तरी माझं चालूच. मधल्या सुट्टीत आई शाळेमागच्या निंबाखाली येऊन बसायची, पदराखाली घ्यायची, आणि मी दोन मिनिटांत तोंड पुसून पळायचे. एक दिवस वर्गातल्या पोरीनं पाहिलं. झालं! सगळ्या वर्गाची मी दूधपिती मांजर. दुसऱ्या दिवसापासून मी निंबाकडे फिरकले नाही. आईनं गूळ देऊन पाहिला, चांदीच्या तोरड्या कबूल केल्या, एकदा तर माझ्यापुढे हात जोडले. मी तोंड फिरवलं. फुई मात्र खूश झाली. फुई म्हणजे नानांची थोरली बहीण, घर तिच्याच शब्दावर चालायचं. सुटली एकदाची पोर, म्हणाली, आणि आईजवळची माझी गोधडी उचलून स्वतःच्या खाटेवर टाकली.

वर्षाच्या आत आईला दिवस गेले.

सुईण खरंच आली नाही. आईला जळगावच्या दवाखान्यात नेलं. भाऊ झाला, आई कशीबशी वाचली, आणि पुन्हा मूल होऊ नये म्हणून तिथंच ऑपरेशन केलं. कागदावर सही नानांची. आईला कुणी विचारलंही नाही. इतकी वर्षं ती ज्याच्यासाठी धडपडली, ते नानांच्या एका सहीत झालं.

घरी आल्यावर ती भिंत धरून चालायची. मी बघत राहायचे. हे माझ्यामुळे झालं, मी दूध सोडलं म्हणून झालं, असं मला वाटायचं. कुणाला बोलले नाही. भावाला मात्र कमरेवर घेऊन गावभर हिंडायचे, खाली म्हणून ठेवायचे नाही.

आता मी सतरा वर्षांची, देवपूरला मामाकडे राहून शिकते. गेल्या महिन्यात मामी बाळंत झाली. तिथल्या नर्सबाई तिला सांगत होत्या, अंगावर पाजताय म्हणून निर्धास्त राहू नका. मी मध्येच विचारलं, सहा वर्षं पाजलं तर? त्या हसल्याच. म्हणाल्या, पहिल्या काही महिन्यांनंतर त्याचा काही भरवसा नाही, पाळी आली की संपलं. मामीनं डोळे वटारले, पण मला नाचावंसं वाटत होतं. म्हणजे मी काहीच केलं नव्हतं! शनिवारची पहिली एस.टी. पकडून मी घरी.

आई सुपात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी चपला न काढताच सगळं सांगून टाकलं.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली.

मी दीड वर्षाची असतानाच तिला पाळी आली होती म्हणे.

"मग पाजत कशाला राहिलीस?"

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. "पेती पोर मायजवळच झोपस. तिले कोनी उचलत नही."

मला फुईनं उचललेली गोधडी आठवली. आई आणि नानांच्या मध्ये झोपणारी मी. मला रडूच आलं. म्हणजे शेवटी मीच.

आईनं शेंगांनी हिरवट झालेल्या बोटांनी माझे गाल पुसले. "सहा वरीस तू माले संभाळं," ती म्हणाली. "एवढीशी पोर आजून कितलं संभाळी?"

मग सूप बाजूला सारलं आणि मांडी थोपटली. मी एवढी घोडी, गेले आणि डोकं टेकून पडले. ओट्यावरून फुई ओरडली, लग्नाची पोर ती, उठव तिला.

"राहू द्या, अक्का," आई म्हणाली. "आज नका उचलू."