दाजींची गाडी मी कशी घालवली

बहिणीच्या नवऱ्याचे पाय धुताना मान खाली घालावी लागते, हे एका अर्थी बरंच आहे. चेहरा दिसत नाही. त्या धोंड्याच्या महिन्यात, वडील नसल्यामुळे, ताटात दाजींचे पाय मीच धूत होतो आणि मनात एकच चाललं होतं, की ह्या माणसाला मी सोडणार नाही. वरून मी त्यांना विचारलं, "पाणी कोमट हाय ना दाजी?"

दाजी लातूरचे. प्लॉटिंगचा धंदा, आवाज मोठा, मनाने वाईट नाहीत असं आई म्हणते. आईचं सोडा. मी नांदेडला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवतो आणि कळायला लागल्यापासून मला एकच वेड आहे, शर्यतीच्या ट्रॅकसाठी बांधलेल्या गाड्यांचं. काही शर्यतींचा नियमच असा, की जी गाडी उतरवायची तिच्यासारख्या थोड्याफार गाड्या कंपनीने लोकांनाही विकल्या पाहिजेत. मग तीच गाडी नंबर प्लेट लावून रस्त्यावर येते. वजन कमी करायला तिची मागची सीट काढतात, कार्पेट काढतात, दार उघडायला आतून हँडलऐवजी साधा कापडी पट्टा लावतात. माणसं एकेका ग्रॅमसाठी भांडलेली असतात तिथे. अशी गाडी मरायच्या आधी एकदा चालवायची, एवढी एकच इच्छा मी आयुष्यात धरली होती. पण नांदेडात ताई सोडून ती कुणापुढे बोलायची सोय नव्हती, लोक हसायचे.

म्हणून मी स्वतःच एक करायला घेतली. भोकरच्या एका कंपाउंडरची जुनी छोटी गाडी आणली आणि चार वर्षं प्रत्येक रविवार तिच्यात घातला. आतलं सगळं सोलून काढलं. लोहा गावच्या एका फॅब्रिकेटरकडे बसून आत पाइपांचा पिंजरा वेल्ड करून घेतला, गाडी उलटली तर टप दबू नये म्हणून. तो म्हणाला, "सर, कोंबड्या ठेवणार का काय हिच्यात?" ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. वळणावर ती गाडी मला हवं तसंच वागायची.

त्या वर्षी माझी सोयरीक चालली होती. मुलीकडचे घर बघायला येणार होते आणि मी परीक्षेच्या ड्यूटीवर बाहेरगावी. दाजी आधीच येऊन बसले होते. "दारात हे सांगाडं बघून कोन पोरगी देतंय?" म्हणाले, आणि भंगारवाल्याला बोलावलं. त्याने अंगणातच गॅस कटरने गाडीचे तुकडे केले आणि टेम्पोत भरले. आलेल्या पैशांचे दाजींनी पेढे आणले. मी घरी पोचलो तेव्हा आईने माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला. मग मला अंगण रिकामं दिसलं.

जावयाला कुणी काय बोलणार? ताई म्हणाली, "तुझ्या भल्याचंच केलं रे त्यांनी." सोयरीक जमली, तेही दाजी येईल त्याला ऐकवायचे. दोन महिन्यांनी धोंड्याचा महिना लागला आणि मी ताट-तांब्या घेऊन त्यांच्यापुढे बसलो.

दसऱ्याला लातूरहून फोन आला. "पावणं, गाडी घेतली. हैदराबादच्या पार्टीची हाय. ये, बघ जरा, तुला कळतंय त्यातलं." मी गेलो. गेटच्या आत, झेंडूचा हार घातलेली, ती उभी होती. जर्मन. इंजिन मागे. ट्रॅकसाठीच काढलेली. मी गेटातच चपला काढल्या.

दाजी मात्र तोंड पाडून बसले होते. "फसीवलं रे मला. मागं सीटच न्हाई. पाइपं कोंबून ठेवलेत नुसते. टायर बघ, पार गुळगुळीत झालेत. दाराचं हँडल तुटलंय तर फडकं बांधून दिलंय."

टायर झिजलेले नव्हते, ते तसेच गुळगुळीत असतात, रस्त्याला चिकटण्यासाठी. हे सांगायला मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मला पेढ्याची चव आठवली.

"खरंच दाजी," मी म्हणालो, "चांगलंच गंडवलं तुम्हाला. पण काळजी करू नका. मी सांगतो तसं करून घ्या."

पुढचे चार महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. दर आठवड्याला दाजींचा फोन यायचा आणि मी आदराने, दाजी-दाजी करत, त्यांना एकेक गोष्ट सुचवायचो. टायर साधे बसवा, पावसाळ्यात बरे. गतिरोधकाला खालून घासतेय? स्प्रिंगा उंच करून घ्या. खाली जाड कार्पेट टाका, पायाला बरं वाटतं. मागे सीट, सीटच्या मागे मोठा वूफर. कापडी पट्टा काढून त्यांनी चकचकीत स्टीलचं हँडल लावलं आणि मला फोटो पाठवला. मी उलट शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. पिंजरा कापायच्या दिवशी तर मी अर्धी रजा टाकून लातूरच्या त्या गॅरेजवर जाऊन उभा राहिलो. कटरच्या ठिणग्या उडत होत्या आणि मला इतकं बरं वाटत होतं, की मी मेकॅनिकला चहा पाजला. दाजींची गाडी दाजींच्याच हाताने मारायची, हे मी ठरवलं होतं आणि ते जमत होतं.

सगळं झाल्यावर एका रविवारी दाजींनी बोलावलं. लातूरबाहेर त्यांचा एक ले-आउट आहे, प्लॉट अजून विकले गेलेले नाहीत, पण आतून गोल डांबरी रस्ता झालाय. गेट बंद करून त्यांनी प्रत्येक वळणावर फक्कीचे पांढरे पट्टे मारून घेतले होते. ताई थर्मास घेऊन खुर्चीवर बसली होती. दाजींनी माझ्या हातात किल्ली दिली.

"बस. तुझ्यासाठीच घेतलीय म्हन की. कागद माझ्या नावावर, पर दर रविवारची तुझी."

"माझ्यासाठी?" मी विचारलं.

"तुझी ती गाडी मोडल्यापासून तू माझ्याशी नीट बोलंनास. मला वाटलं भंगार हाय. मागून तुझ्या ताईनं सांगितलं, चार वर्षं राबत होता म्हनून. मग तिलाच इचारलं, ह्याला कोनती आवडती. दसऱ्यालाच सांगणार होतो, पर तसली मोडकी गाडी तुला कशी देऊ? मला काय कळतंय यातलं? तू म्हनलास तसं समदं करून घेतलं."

मी आत बसलो. पहिल्याच वळणावर गाडी एका अंगाला झुकली, टायर किंचाळत फक्कीच्या बाहेर गेले. कार्पेटमुळे खालच्या रस्त्याचं काहीच कळत नव्हतं. मागे वूफर खडखडत होता. इंजिन तेवढं जोरात ओरडत होतं, कारण इंजिनाबद्दल सुचवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. दोन चकरा मारून मी गाडी थांबवली. स्टिअरिंगवरचे हात काढावेसे वाटत नव्हते आणि ठेवावेसेही वाटत नव्हते.

दाजी खिडकीशी वाकले. "कशी हाय?"

"एक नंबर, दाजी."

ते इतके खूश झाले, की माझ्या पाठीवर थाप मारून ताईकडे चहा सांगायला गेले. माझी गाडी कापली तेव्हा मला ह्या माणसाचा जितका राग आला होता, त्याच्या दुप्पट त्या वेळी आला.