शनिवारची तेलकट भाकरी

जालन्यात कुत्र्यांची शी उचलून पोट भरणारा पहिला माणूस मी. दुसरा अजून जन्माला यायचाय. लांब दांड्याचं खुरपं, झाकणाच्या दोन बादल्या, चुन्याची पिशवी, फिनाईलची बाटली आणि एक म्हातारी स्कूटर, एवढ्यावर मी अंबड रोडच्या कॉलन्या राखतो. सुरुवातीला सोयरे म्हणाले, "दुसरं काई सापडलंच न्हाई का?" आज माझी स्कूटर वळणावर दिसली की अर्ध्या गावची कुत्री शेपूट हलवत उभी राहतात. उरलेली झोपेत हलवतात.

कोणतं कुत्रं काल दूधभात जेवलं, कुणाकडे पाहुणे येऊन मटण झालं, कुठं नवराबायकोचं वाजून भरलं ताट तसंच कुत्र्यापुढं गेलं, हे मला सकाळी सातला कळतं. वैद्य नाडी बघतो, मी बादली बघतो.

एका कॉलनीत शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहायच्या. नवरा वारल्यापासून घरात दुसरा आवाज होता तो त्यांच्या काळ्या, म्हाताऱ्या कुत्र्याचाच. सहा दिवस त्या कुत्र्याचा कारभार एकदम शिस्तीत: मोकळ्या प्लॉटवर, बाभळीखाली, एकाच जागी. रविवारी मात्र प्रलय. तोही नेमका कॉलनीच्या अध्यक्षांच्या फाटकासमोर. खोटं सांगत नाही, एकदा त्यावरून घसरलेली सायकल थेट बदनापूर स्टेशनात जाऊन थांबली.

अध्यक्षांनी आधी फाटकाशी लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. कुत्र्यानं त्या हुंगल्या आणि बरोबर दोन बाटल्यांच्या मधे काम उरकलं. मग अध्यक्षांनी रविवारी अकराला बैठक बोलावली. विषय एकच: कुत्रं कॉलनीबाहेर.

बाईंच्या भाच्याचं शेत होतं, तिकडं नेऊन बांधायचं असं ठरत आलं होतं. बाई मला म्हणाल्या, "तेरा वर्षांचं आहे हो ते. नीट दिसतही नाही. तिथं आठ दिवस तरी काढील का?" मी विचारलं, "शनिवारी जेवायला काय देता?"

"रोजचाच दूधभात. फक्त संध्याकाळी मी मारुतीला जाते, तेवढा वेळ ते ओट्यावर बांधलेलं असतं."

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी चुना टाकायचं निमित्त करून मी गेलो. बघतो तर अध्यक्षांच्या मंडळी, सगळी कॉलनी ज्यांना काकू म्हणते त्या, बाईंच्या ओट्यावर उभ्या राहून कुत्र्याला भाकरी चारताहेत. चार भाकरी, आणि तेल एवढं की आमच्याकडं दिवाळीच्या चकल्या तळून झाल्या असत्या.

मला बघताच वाटी त्यांच्या हातातून निसटली. "साहेबांना सांगू नका, भाऊ. पोराला साडेसाती हाय. तीन वर्षं झाली, पुण्यात नोकरीसाठी फिरून राह्यला. काळ्या कुत्र्याला शनिवारी तेलाची भाकरी घाला, असं ज्योतिषी म्हणले. साहेबांना असलं बिलकुल पटत न्हाई."

"आन् साहेब उद्या याच कुत्र्याला हाकलून राह्यलेत!"

काकूंनी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. "कॉलनीत काळं एवढंच हाय हो. हे गेलं तर मी घालू कुणाला?" मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "रविवारचं ते... माझ्यामुळं?"

"काकू, साहेबांना एवढं तेल पाजलं, तर ते तरी प्लॉटपर्यंत पोचतील का?"

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. हसता हसता डोळे भरून आले.

रविवारी सकाळी प्रलय झालाच होता. बैठकीत अध्यक्षांनी मला जाणकार म्हणून उभं केलं. मी घसा साफ केला. "साहेब, चूक माझी. शनिवारी मी फिनाईल ज्यादा टाकतो. तो वास कुत्र्याच्या पोटात जातो. मोठमोठ्या शहरात हेच होऊन राह्यलंय."

असलं सोज्वळ खोटं मी सोयरीक जमवतानाही बोललो नव्हतो.

"फिनाईलनं? येड्यात काढता का?" अध्यक्ष कडाडले.

मागून काकूंचा आवाज आला, "बराबर बोलतेत ते. त्या वासानं मलाबी मळमळतं. दोन हप्ते बघा, मंग ठरवा."

अध्यक्षांनी बायकोकडं पाहिलं. संसारात मुरलेल्या माणसाला कुठं थांबायचं ते कळतं. दोन आठवडे मिळाले.

पुढच्या शनिवारी काकूंनी चतकोर कोरडी भाकरी आणली आणि तेलात बुडवलेलं बोट तिला टेकवलं. "एवढ्यानं शनी पावंल का हो?"

"पावंल," मी म्हणालो, "माझं बोलणं झालंय त्यांच्याशी."

रविवारी सकाळी अध्यक्ष फाटकात हाताची घडी घालून उभे. बाईंनी साखळी दोन्ही हातांनी धरलेली. कुत्रं फाटकापाशी थांबलं, हुंगलं, एक गोल फेरी मारली. मग ते सावकाश पुढं निघालं आणि बाभळीखाली जाऊन बसलं.

बाई भर रस्त्यात रडायला लागल्या. अध्यक्ष पार गोंधळले. "अहो बाई, असं काय करता? राहू द्या, राहू द्या. कुठंच न्यायचं न्हाई त्याला."