ताकदीची गोळी

ताईला नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आमच्या घरात मला कुणी विचारेनासं झालं. साठ सालानंतरची गोष्ट. बाभुळगावजवळच्या आमच्या खेड्यात मनही आजारी पडतं, हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं. सतरा वर्षांची ताई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. जेवायची नाही, वेणी घालू द्यायची नाही. मला भीती वाटायची, नाही असं नाही. पण तिच्या वाटचा कापूस मलाच वेचावा लागायचा, आणि माझी फाटलेली बोटं कुणी बघत नसे.

गोळ्यांनी तिच्या तोंडाला कोरड पडायची, म्हणून डॉक्टरांनी खडीसाखर चघळायला सांगितली होती. ती डबी आईनं उंच फळीवर ठेवली. ताईनं नुसतं बघितलं तरी आई धावायची. मी मागितली की, "तुले काय झालं?" एकदा मीही भिंतीकडे तोंड करून पडून पाहिलं. आईनं उठवून हातात झाडू दिला.

ताई लग्नाची, म्हणून आई शेजारणींना सांगायची, "अशक्तपणा आला पोरीले. ताकदीची गोयी देल्ली हाय." सांगता सांगता तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं.

डॉक्टरांनी बाबांना काय बजावलं, ते बाबांनी घरी येऊन आपल्या भाषेत सांगितलं होतं. "गोयी लगेच लागू होत नाही. आपल्या मनानं बंद कराची नाही. वय कोवळं हाय, म्हून पोरगी हिंडाफिराले लागली का तवाच जास्त राखण कराची. हातपाय आधी चालतात, मनातलं मागून जाते."

"उठून बसली, मंग राखण कायले?" आई म्हणाली.

"ज्वारी उगवते तवा राखतो का आपण? कणसात दाणा भरला का राखतो."

पुढे एका सकाळी ताई आपणहून न्हाली, वेणी घातली, अख्खी भाकर खाल्ली. आईच्या डोळ्यांना पाणी आलं. तिनं पेटीतलं कोरं लुगडं काढून ताईला नेसवलं. माझ्या अंगावर ताईचंच जुनं, उसवलेलं पोलकं होतं. "आली ताकद," म्हणून आई निर्धास्त कामाला लागली. थोड्या वेळानं ताई मागच्या दारानं मळ्याकडे निघाली. आईला पत्ता नव्हता. मला होता, कारण माझी नजर त्या लुगड्यावरून हलतच नव्हती. माझी खात्रीच झाली, आईनं हिला लपवून काहीतरी खायला दिलंय आणि ही ते एकटीच खाणार. मी मागोमाग गेले.

ती विहिरीच्या काठावर बसली होती. मी मागून पदर धरला.

"मायनं काय देल्लं तुले? मले बी दे."

ती हळूच म्हणाली, "काही नाही देल्लं. मले जगावं वाटून नाही राह्यलं. धरून ठेव मले."

मी दोन्ही हातांनी तिच्या कमरेला मिठी मारली आणि बाबांच्या नावानं ओरडत राहिले. बाबा ज्वारीच्या मचाणावर पाखरं हाकत होते. ते तिथून धावत आले.

त्यांनी तिला काठावरून ओढलं आणि पोटाशी धरलं. मला बाजूला सारलं. इतकं घट्ट त्यांनी मला कधी धरलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. दुसऱ्याच दिवशी ते तिला नागपूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं, आणि ती पुरती बरी होईस्तोवर घरातलं कुणी ना कुणी तिच्याजवळ बसून राहिलं.

बाबांचं ते धरणं आठवलं की आजही माझा जळफळाट होतो. मी तिला तोंडावर सांगते. ती म्हणते, "जळ तू." आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकते.