उजवा हात कोरडा झाला

माझ्या हातांचं काय झालं ते सांगण्याआधी मिस्त्रीवहिनींचं सांगायला हवं. खोपोलीच्या वीजघरात आमच्यावर जे मिस्त्री होते, त्यांच्या त्या बायको. माझं गाव पार सोलापूरकडं. इथं रक्ताचं कुणी नाही. मुंबईच्या इस्पितळात माझ्या खाटेशी बसून राहिल्या त्या वहिनीच.

तळहातांना घाम लहानपणापासूनचा. पाटीवरचं अक्षर लिहितालिहिता पुसून जायचं, मास्तर मारायचे. चौथीत शाळाच सोडली. वीजघरात पाळी सुरू होताना मिस्त्री प्रत्येकाचा तळवा चाचपून मगच स्विचांच्या खोलीत सोडत. मी हात राखेत घोळवून उभा राहायचो. माझी पाळी येईतो राखेचा चिखल झालेला असायचा.

"धरण आटलं तर तुलाच वर उभा करतो, घामानं भरंल," मिस्त्री म्हणाले. सगळे हसले. मग ते हळूच म्हणाले, "ओल्या हातानं मरशील रं. आत येऊ नको."

आत जायचं नाही म्हणजे आज ना उद्या गावी परत. मिस्त्रींनीच मला मुंबईच्या डॉक्टरांकडं नेलं. घाम आणणारी शीर पाठीतून कापायची, त्यासाठी बरगडीचा तुकडा काढायचा, आधी उजव्या हाताची, असं डॉक्टर म्हणाले. शीर कापल्यावर हात कसा जगेल? लुळा हात घेऊन आईपुढं कसा उभा राहू? मी जेवण सोडलं. वहिनी म्हणाल्या, "भ्यायचं तेवढं भी. पण चल. मी हाय ना."

गुंगी उतरली तेव्हा पाठ जळत होती आणि उजवा तळवा कोरडा, गरम, परक्याचा असावा तसा. कोरडा हात कसा लागतो हे मला ठाऊकच नव्हतं.

"वहिनी, हात मेला."

त्यांनी करंगळीला करकचून चिमटा काढला. मी ओरडलो.

"मेलेला वरडतो व्हय रं?"

परवा मिस्त्रींनी उजवा तळवा चाचपला, मान डोलावली. मग डावा. त्यांनी आपला हात धोतराला पुसला.

आता डाव्याची पाळी. भीती तेवढीच आहे, पाठीची जखम अजून ठणकते. वहिनी पुन्हा येणार म्हणतात. हे ऋण फेडायला त्यांच्यावर आजारपण यावं असं मी कसं म्हणू? पण कधी त्यांना कशाची धास्ती वाटली, तर त्यांच्या उशाशी मी बसेन. हलणार नाही.