बदलीबाई आणि भाजलेलं बुडवण

पाण्याचे मीटर तपासणाऱ्या त्या कार्यालयात कँटीनच्या बाईंना सगळे बदलीबाई म्हणत. मूळच्या स्वयंपाकीणबाई कंबर धरली म्हणून आठ दिवसांच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी बदली म्हणून या आल्या, आणि अकरा वर्षं झाली तरी ते आठ दिवस काही संपायचं नाव घेत नव्हते. मूळ बाईंचं कपाट अजून त्यांच्याच नावाने कुलूपबंद होतं. बदलीबाई आपली पिशवी खिळ्याला अडकवत.

बदलीवरच्या माणसाला रजा नसते. एक दिवस दांडी मारली की नाव कटलं. बाईंनी अंगात ताप असताना चहा केला होता, पायाला प्लास्टर असताना पोळ्या लाटल्या होत्या, आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटतही नव्हतं. पण आता लेकीचे दिवस भरत आले होते. ती एक रात्र आणि एक दिवसाच्या वाटेवर राहत होती, पहिलटकरीण होती, घाबरली होती. रोज फोन करून विचारायची, तू येशील ना? बाईंचा जीव तिकडे लागला होता. जायचं तर रजा हवी, रजा हवी तर कायम व्हायला हवं, आणि कायम होण्याचा अर्ज मोठ्या साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली निवांत पडला होता.

अशात वरच्या कार्यालयाची माणसं तपासणीला येणार असं कळलं, आणि साहेबांच्या डोक्यात डिप शिरलं. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांनी ते खाल्लं होतं. पालक, चीज आणि घट्ट दही कालवून ओव्हनमध्ये भाजायचं, वरून तांबूस झालं की त्यात टोस्ट बुडवून खायचा. कागदोपत्री परका शब्द नको म्हणून फाइलीवर त्याचं नाव पडलं 'भाजलेले बुडवण'. बुडवण जमलं की तुमच्या अर्जाचं बघतो, असं साहेब बाईंना म्हणाले.

नेमकं दोन दिवस आधी ओव्हनचं एकुलतं एक चिनी मातीचं भांडं ओट्यावरून पडलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. बाईंनी लगेच मागणी लिहून दिली, 'ओव्हनचे भांडे फुटले, बदली द्यावी.' टाइप करताना कारकुनाने एक काना जास्तीचा दिला. तासाभरात स्टोअरकीपर निळी प्लास्टिकची बादली घेऊन हजर. बाई म्हणाल्या, अहो, ही वितळेल. तो म्हणाला, वितळली की तसं लिहून द्या, मग लोखंडाची देतो.

ओव्हनच्या दारातून बादली जात नाही हे मोजपट्टी लावून सिद्ध झाल्यावर प्रकरण समितीकडे गेलं. समितीत स्टोअरकीपर, हेडक्लार्क आणि मीटर तपासनीस. तपासनीस कामाचा पक्का. तो म्हणाला, पर्याय निवडायचा तर मूळ भांड्यात किती मावत होतं ते आधी कळलं पाहिजे. मग तिन्ही तुकडे डिंकाने चिकटवले, भांडं मीटरच्या चाचणीच्या बाकावर चढवलं आणि वरून नळ सोडला. भांडं भरेचना. तेव्हा तपासनिसाने गळतीचा वेग दोन दशांश स्थळांपर्यंत काढला, तिघांनी खाली सह्या केल्या, आणि मोठं काम हातावेगळं झाल्यासारखं सगळे चहाला गेले. किती मावत होतं, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सूचनांना ऊत आला. हेडक्लार्कने क्रीडा स्पर्धेत मिळालेली ढाल उलटी करून बघा म्हटलं. तपासनिसाने मोठ्या मीटरचं पितळी झाकण आणलं, त्यावर पाण्याची दिशा दाखवणारा बाण कोरलेला होता. बुडवण कुठल्या बाजूने खायचं ते पाहुण्यांना आपोआप कळेल, असं त्याचं म्हणणं. बाई पदराला हात पुसत पुन्हा पुन्हा सांगत होत्या, की पातळ काच तडकते, खोल भांड्यात वरचं करपतं आणि मधलं गारच राहतं. पसरट हवं, जाड हवं आणि मुठीला लाकूड-प्लास्टिक नको. हे सगळं इतिवृत्तात 'बदली कर्मचाऱ्याचे वैयक्तिक मत' म्हणून नोंदलं गेलं.

शेवटी वैतागून बाई तपासणीच्या सकाळी घरचा खोलगट लोखंडी तवा घेऊन आल्या. फाटकावर रखवालदाराने लिहून घेतलं, 'तवा एक, आत.'

बुडवण फर्मास झालं. कडा खरपूस, मधे बुडबुडे. पाहुण्यांनी टोस्ट संपल्यावर चमच्यांनी तवा खरवडला आणि मीटर बघायचं विसरूनच गेले. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तिथल्या तिथे बाईंच्या अर्जावर शेरा मारला, 'बदली उत्तम. कायम करावी.'

अर्ज हेडक्लार्ककडे आला. त्याच्यासमोर तेव्हा बदलीची एकच फाइल उघडी होती, ती भांड्याची. त्याने शेरा तिला जोडला आणि वर कळवूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा स्टोअरकीपर तव्याच्या मुठीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालत होता. जडवस्तूंच्या नोंदवहीत तवा कायम झाला होता. मूळ बाईंच्या कपाटाचं कुलूप तोडून त्याला एक कप्पाही मिळाला होता.

बाई तशाच साहेबांकडे गेल्या. साहेब वरमले, पण शेरा फिरवला तर चौकशी लागेल, पुढच्या तपासणीला बघू, म्हणाले. निदान माझा तवा तरी द्या, असं बाई म्हणाल्या, तेव्हा कायम वस्तूला आवाराबाहेर जाता येत नाही हे हेडक्लार्कने त्यांना समजावून सांगितलं. त्याला बाईंबद्दल खरंच वाईट वाटत होतं.

बाईंना आधी रडू आलं, मग भयंकर राग आला, आणि मग जिन्यात एकट्याच उभ्या असताना हसू फुटलं. फाटकावर रखवालदाराने त्यांच्या पिशवीत तवा नाही ना, एवढं पाहिलं. बाहेर रस्त्यावर येऊन त्यांनी लेकीला फोन लावला.

"आई, कायम झालीस?"

"मी नाही गं. आपला तवा झाला."

"म्हणजे तू येत नाहीस," लेक म्हणाली.

"तव्याला आता जन्मात बाहेर पडता यायचं नाही," बाई म्हणाल्या. "मी बदलीवरची. मला कोण अडवतंय? संध्याकाळच्या गाडीने निघते."